स्वतंत्र खेळनिर्माते आणि त्यांच्या मिळकतीचे मार्ग

हुबळी आणि धारवाड ही दोन शहरे १९६२ साली एका महानगरपालिकेच्या कक्षेत आली, तरी दोहोंचा स्वभाव वेगळाच राहिला. हुबळी ही व्यापाराची आणि रेल्वेची पेठ. धारवाड हे विद्यापीठाचे, गवयांचे आणि पेढ्यांचे गाव. गेल्या काही दशकांत या जोडशहरांना तांत्रिक शिक्षणाचे केंद्र ही आणखी एक ओळख मिळाली आहे. हुबळीचे १९४७ साली स्थापन झालेले भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय आज के. एल. ई. तांत्रिक विद्यापीठाच्या रूपाने उभे आहे. धारवाडमध्ये २०१५ साली भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्था आणि त्यापाठोपाठ २०१६ साली भारतीय तंत्रज्ञान संस्था सुरू झाली. या शिक्षणसंस्थांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांपैकी पुष्कळजण पदवी हाती पडताच बंगळूरची किंवा पुण्याची रात्रीची गाडी धरतात. जे मागे राहतात, त्यांच्यातील काहींच्या मनात अलीकडे एक नवा व्यवसाय घोळू लागला आहे. तो म्हणजे व्हिडिओ गेम, अर्थात पडद्यावरील खेळ, तयार करून त्यावर उपजीविका करणे.

या व्यवसायास यंत्रसामग्री थोडी लागते. एक बऱ्यापैकी संगणक, वीज आणि इंटरनेटची जोडणी एवढ्यावर काम सुरू होते. खेळ रचण्यासाठी लागणाऱ्या मूळ आज्ञावलीपैकी ‘गोडो’ ही पूर्णतः विनामूल्य आहे. ‘अनरियल’ ही आज्ञावली वापरून केलेल्या खेळाचे एकूण उत्पन्न दहा लाख डॉलरच्या पुढे गेल्याखेरीज स्वामित्वशुल्क द्यावे लागत नाही. भांडवल खर्ची पडते ते मुख्यतः वेळेच्या रूपाने. दोन मित्रांनी दीड-दोन वर्षे नोकरी न धरता खेळ रचला, तर त्या काळातील बुडालेला पगार हीच त्यांची गुंतवणूक होय. घरच्या मंडळींच्या दृष्टीने तर ती फार मोठी गुंतवणूक असते. कारण ती बहुधा त्यांच्याच खिशातून झालेली असते. म्हणूनच पैसा नेमका कोणत्या वाटेने येतो, वाटेत कोण किती कापून घेतो आणि तो हाती कधी पडतो, या गोष्टी खेळाची पहिली ओळ लिहिण्यापूर्वीच समजून घेणे इष्ट ठरते.

येथे ‘स्वतंत्र’ हा शब्द विशिष्ट अर्थाने वापरला आहे. एखाद्या मोठ्या कंपनीच्या पगारावर नसलेला, स्वतःच्या कल्पनेचा खेळ स्वतःच्या जबाबदारीवर करणारा एकटा माणूस किंवा पाच-दहा जणांचा लहानसा गट, एवढाच त्याचा अर्थ आहे.

पैशांचे खेळ आणि खेळाचे पैसे

आरंभीच एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘गेमिंगमधून कमाई’ असे म्हणताच अनेकांच्या डोळ्यांपुढे रमी, पोकर अथवा पैसे लावून खेळावयाचे अन्य खेळ उभे राहतात. अशा खेळांना बंदी घालणारी कायदादुरुस्ती कर्नाटक राज्याने २०२१ मध्ये केली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तिच्यातील मुख्य तरतुदी रद्दबातल ठरविल्या. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाईन खेळांच्या संवर्धनाचा व नियमनाचा कायदा संमत केला. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाईन खेळ चालविणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांच्यासाठी पैशांची देवघेव करणे या सर्वांस त्या कायद्याने मनाई केली आहे. मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. त्याच कायद्याने ई-क्रीडा आणि करमणुकीचे वा शिक्षणाचे सामाजिक खेळ यांना वेगळे स्थान देऊन त्यांना प्रोत्साहन देण्याची भूमिका घेतली आहे.

खेळनिर्मात्याने यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. खेळाडूकडून खेळाची किंमत घेता येते, खेळातील एखादे साधन वा पोषाख त्याला विकता येतो, ठराविक मुदतीची वर्गणीही घेता येते. परंतु खेळाडूने पैसे लावावे आणि जिंकल्यावर त्याला पैसे किंवा पैशांच्या मोलाची वस्तू परत मिळावी, अशी रचना करता येत नाही. बक्षिसाच्या मोहाने खेळ लवकर पसरतो या समजुतीने अनेक होतकरू मंडळी नकळत या रेषेजवळ जातात. तेथून दूर राहणेच बरे.

मोबाईलवरील खेळ

आपल्याकडील बहुसंख्य खेळाडू मोबाईलवरच खेळतात आणि खेळासाठी आधी पैसे मोजण्याची सवय त्यांच्यापैकी फार थोड्यांना आहे. त्यामुळे मोबाईलवरील खेळ सहसा विनामूल्य देऊन जाहिरातींवर आणि खेळांतर्गत विक्रीवर उत्पन्न मिळविले जाते. गूगलच्या दुकानात निर्माता म्हणून नाव नोंदविण्यास एकदाच २५ डॉलर भरावे लागतात, तर ॲपलच्या दुकानात दरवर्षी ९९ डॉलर. अलीकडे गूगलने नव्या वैयक्तिक खातेदारांवर आणखी एक अट घातली आहे: खेळ सर्वांसाठी खुला करण्यापूर्वी किमान १२ जणांनी तो सलग १४ दिवस चाचणी म्हणून वापरला पाहिजे. महाविद्यालयाच्या वसतिगृहात बारा मित्र मिळणे अवघड नाही. पण चौदा दिवस सलग, ही अट प्रकाशनाच्या वेळापत्रकात आधीच धरावयास हवी.

खेळांतर्गत विक्रीतून दुकानदाराचा वाटा पूर्वी सरसकट ३० टक्के असे. ॲपलने जानेवारी २०२१ पासून लहान निर्मात्यांसाठी आणि गूगलने जुलै २०२१ पासून वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नासाठी तो १५ टक्के केला. लहान माणसाच्या दृष्टीने हा बदल मोठाच होता.

जाहिरातींचे गणित वेगळ्या पद्धतीचे असते. पडद्याच्या कडेला सतत दिसणारी पट्टी, दोन डावांच्या मध्ये येणारी पूर्ण पडद्याची जाहिरात, आणि खेळाडूने स्वखुशीने पाहून मोबदल्यात एखादा जादा डाव मिळविण्याची जाहिरात, असे तिचे तीन मुख्य प्रकार आहेत. तिसरा प्रकार खेळाडूला सर्वांत कमी खुपतो आणि त्याचा दरही बहुधा अधिक असतो. मोबदला दर हजार दर्शनांमागे मिळतो आणि तो जाहिरात कोणत्या देशात पाहिली गेली यावर फार अवलंबून असतो. अमेरिकेतील दर्शनाला जो भाव मिळतो, त्याच्या तुलनेत भारतातील दर्शनाचा भाव अगदी कमी असतो. केवळ उदाहरणादाखल असे समजू, की एका खेळाला रोज १,००० माणसे येतात, प्रत्येकजण पाच जाहिराती पाहतो आणि दर हजारी भाव ४० रुपये आहे. दर्शने झाली ५,०००, दिवसाची मिळकत २०० रुपये, महिन्याची ६,०००. रोज हजार माणसे टिकवून ठेवणे हे किती कष्टाचे काम आहे, हे ज्याने एकदा करून पाहिले आहे त्याला या आकड्याचा अर्थ अधिक समजावून सांगावा लागणार नाही.

या मार्गाने अपार यश मिळाल्याची उदाहरणेही आहेत. हनोई येथील डाँग ग्वेन या तरुणाने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘फ्लॅपी बर्ड’ हा लहानसा खेळ २०१४ च्या आरंभी जगभर पसरला. त्यातील जाहिरातींपासून दिवसाला सुमारे ५०,००० डॉलर मिळत असल्याचे त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये निर्मात्याने तो स्वतःच मागे घेतला. आपल्या अधिक जवळचे उदाहरण नवी मुंबईच्या ‘लुडो किंग’चे. विकाश जयस्वाल यांच्या गेमेशन या कंपनीने तो २०१६ मध्ये काढला. खेळ जुनाच, नियम सर्वांच्या परिचयाचे. नवे होते ते एवढेच, की चार घरांतील चार माणसे एका पटावर बसू शकत होती. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांतून या पटाभोवती माणसे जमली आणि खेळ १० कोटींहून कितीतरी अधिक वेळा उतरवून घेतला गेला. त्याचे उत्पन्न जाहिरातींतून आणि खेळांतर्गत विक्रीतून आले. मात्र अशा यशामागे संख्येचे बळ असते. जाहिरातींचा मार्ग ज्याच्यापाशी लाखो खेळाडू आहेत त्याचा आहे. लहान पण चोखंदळ खेळाडूवर्ग असणाऱ्या खेळास तो बहुधा पोसू शकत नाही.

किंमत लावून विक्री

दुसरा मार्ग जुन्या धाटणीचा आहे. खेळाला किंमत लावावयाची आणि तो विकावयाचा. संगणकावरील खेळांसाठी ‘स्टीम’ हे सर्वांत मोठे दुकान होय. तेथे प्रत्येक खेळामागे १०० डॉलर प्रवेशशुल्क आहे. खेळाने १,००० डॉलरचे उत्पन्न मिळविल्यावर ते परत मिळते. शुल्क भरल्यापासून पहिल्या खेळासाठी ३० दिवस थांबावे लागते आणि ‘लवकरच येत आहे’ असे पान किमान दोन आठवडे लोकांना दिसावे लागते. दुकानाचा वाटा ३० टक्के. उत्पन्न एक कोटी डॉलरच्या पुढे गेल्यास तो २५ आणि पाच कोटींच्या पुढे गेल्यास २० टक्क्यांवर येतो. पण ही सवलत मोठ्यांच्याच उपयोगाची. ‘एपिक’च्या दुकानाचा वाटा मुळात १२ टक्के असून जून २०२५ पासून प्रत्येक खेळाच्या वार्षिक दहा लाख डॉलरपर्यंतच्या उत्पन्नावर तो काहीच घेत नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘इच’ या लहानशा दुकानात तर दुकानाला किती टक्के द्यावयाचे हे निर्माताच ठरवितो. वेगळे काही न ठरविल्यास ते दहा टक्के धरतात. वाटा कमी आहे म्हणून तेथे विक्री अधिक होईल असे मात्र नाही. गिऱ्हाईक ज्या पेठेत फिरते, त्याच पेठेत गाळ्याचे भाडे चढे असते, हे हुबळीच्या व्यापाऱ्याला वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता एका प्रतीचा हिशेब पाहू. भारतातील किंमत ४०० रुपये ठेवली, असे धरू. तीत १८ टक्के वस्तू व सेवा कर समाविष्ट असतो. तो वजा जाता सुमारे ३३९ रुपये उरतात. त्यातून दुकानाचे ३० टक्के गेले की निर्मात्याच्या वाट्याला सुमारे २३७ रुपये येतात. दोन माणसांनी दरमहा प्रत्येकी १५,००० रुपयांत घर चालवून १८ महिने काम केले, तर खर्च ५,४०,००० रुपये झाला. तो भरून येण्यास सुमारे २,२८० प्रती खपल्या पाहिजेत. त्यात परत केलेल्या प्रती धरलेल्या नाहीत; स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला खेळ गिऱ्हाईक परत करू शकते. पुन्हा, सणासुदीच्या निम्म्या किमतीच्या विक्रीत प्रत्येक प्रतीमागे २३७ ऐवजी ११८ रुपयेच पडतात आणि पुष्कळ प्रती अशा सवलतीच्या दिवसांतच खपतात. परदेशांतील किंमत अधिक ठेवता येत असल्याने तेथील एक प्रत येथील दोन-तीन प्रतींच्या बरोबरीची ठरते, ही यातील जमेची बाजू.

दोन हजार प्रती हा आकडा लहान वाटतो. परंतु २०२४ या एका वर्षात स्टीमवर अठरा हजारांहून अधिक नवे खेळ आले, म्हणजे दिवसाला पन्नासाच्या आसपास. एवढ्या गर्दीत खेळ चांगला असणे पुरेसे नसते. तो आहे हे कोणाला तरी ठाऊक असावे लागते. म्हणून जाणकार निर्माते प्रकाशनाच्या कितीतरी आधीच दुकानातील पान उघडून खेळाडूंना तो ‘इच्छायादी’त टाकण्यास सांगतात. प्रकाशनाच्या दिवशी त्या सर्वांना दुकानाकडून सूचना जाते. वर्षातून तीनदा भरणाऱ्या ‘नेक्स्ट फेस्ट’ या उत्सवात खेळाचा नमुना विनामूल्य खेळावयास ठेवता येतो. पूर्वी हुबळी-धारवाडात मराठी व कन्नड नाटक मंडळ्यांचे मुक्काम पडत, तेव्हा पडदा वर जाण्याच्या कितीतरी आधी गावभर हस्तपत्रके वाटली जात. काम तेच आहे. आता गाव तेवढा मोठा झाला आहे.

एकट्याने खेळ करून विकणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील एरिक बॅरोन यांचे नाव नेहमी घेतले जाते. शेतीजीवनावरील ‘स्टार्ड्यू व्हॅली’ हा खेळ त्यांनी चार वर्षांहून अधिक काळ एकट्याने रचला आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या. त्या चार वर्षांत त्यांनी नाट्यगृहात अर्धवेळ नोकरी केली आणि घर मुख्यतः त्यांच्या सहचारिणीच्या कमाईवर चालले, हा भाग सांगताना पुष्कळदा गाळला जातो.

पुण्याचे ‘राजी’

मराठी मुलुखात या व्यवसायाचे सर्व चढउतार एकत्र पाहावयाचे असतील, तर पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या लहानशा गटाने केलेल्या ‘राजी’ या खेळाची हकीकत पाहावी. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड हे या संस्थेचे संस्थापक. प्राचीन भारताच्या कल्पित पार्श्वभूमीवर, असुरांनी पळवून नेलेल्या भावाच्या शोधात निघालेल्या एका मुलीची ही कथा. चित्रशैलीसाठी पहाडी चित्रकलेचा आणि कथनासाठी छायाबाहुल्यांचा आधार घेतलेला.

आरंभी या मंडळींनी लोकवर्गणीचा मार्ग पत्करला. ‘किकस्टार्टर’ या व्यवस्थेत अगोदर रक्कम जाहीर करावयाची असते आणि ठरल्या मुदतीत ती पूर्ण जमली तरच हाती पडते. एक रुपया कमी पडला तरी सर्व वर्गणीदारांचे पैसे त्यांच्याकडेच राहतात. ‘राजी’ची मोहीम उद्दिष्ट गाठू शकली नाही. हातचे पैसे संपत आले. एका संस्थापकाने आपले घर विकून काम चालू ठेवले. पुढे अनरियल आज्ञावलीच्या मालक कंपनीकडून अनुदान मिळाले, आणि एका परदेशी प्रकाशकाने खेळ स्वीकारला. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो प्रथम निन्टेंडोच्या स्विच या यंत्रावर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या नामांकनांत त्याचा समावेश होता.

या हकीकतीत उत्पन्नाचे चार मार्ग एकापुढे एक आलेले दिसतात. लोकवर्गणीचे पाहिले. अनुदानाचे वैशिष्ट्य असे, की ते परत करावे लागत नाही आणि खेळावरील हक्कही निर्मात्याकडेच राहतो. म्हणून अर्ज करण्याचा कंटाळा करू नये. ठराविक काळ एकाच यंत्रावर खेळ ठेवण्याच्या कबुलीने प्रसिद्धीची मदत मिळू शकते. आणि चौथा मार्ग प्रकाशकाचा.

प्रकाशक सामान्यतः आगाऊ रक्कम देतो, चाचण्या, भाषांतरे व प्रसिद्धी यांचा भार उचलतो आणि मोबदल्यात उत्पन्नाचा हिस्सा घेतो. करारातील कळीचे कलम हिश्शाच्या टक्केवारीत नसते. ते वसुलीत असते. उदाहरणार्थ, प्रकाशकाने २० लाख रुपये आगाऊ दिले आणि पुढे निम्मे-निम्मे वाटप ठरले. जर करारात ‘आधी वसुली, मग वाटणी’ असे असेल, तर पहिले २० लाख रुपये वसूल होईपर्यंत निर्मात्याला विक्रीतून एक पैही मिळत नाही. आणि प्रसिद्धीचा खर्चही वसुलीत धरला असेल तर ती मुदत आणखी लांबते. खेळ चालत असतो, वृत्तपत्रांत नाव येत असते आणि निर्मात्याच्या खात्यात काही जमा होत नसते, असे घडते ते यामुळेच. कोणता खर्च वसुलीत धरावा याची कमाल मर्यादा, हिशेब पाहण्याचा अधिकार, कराराची मुदत संपल्यावर हक्क परत मिळण्याची तरतूद आणि पुढील भागावरील हक्क ही चार कलमे वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. वकिलाची फी या सर्वांत स्वस्त पडते.

दुसऱ्यांसाठी काम

स्वतःचा खेळ पूर्ण होईपर्यंत चूल पेटती ठेवण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे दुसऱ्यांची कामे करणे. बंगळूरच्या ध्रुव इंटरॲक्टिव्ह या संस्थेने १९९० च्या दशकापासून परदेशी खेळांसाठी चित्रे, मोटारी, इमारती व पात्रे तयार करून देण्याच्या कामावर आपला जम बसविला. २०१७ मध्ये ती एका स्वीडिश कंपनीने आणि २०१९ मध्ये ‘रॉकस्टार’ने घेतली. लहान गटासही अशी कामे मिळतात. शाळांसाठी शैक्षणिक खेळ, संग्रहालयांसाठी दालने, कारखान्यातील कामगारांसाठी सुरक्षिततेचे सराव-खेळ यांना स्थानिक मागणी निर्माण करता येण्यासारखी आहे. तयार केलेली झाडे, घरे, ध्वनी अथवा आज्ञावलीचे तुकडे इतर निर्मात्यांना विकण्याचीही दुकाने आहेत. त्यांपैकी ‘फॅब’ विक्रेत्याला ८८ टक्के देते. या मार्गातील धोका एकच, पण खरा आहे. गिऱ्हाइकाचे काम तातडीचे असते, स्वतःचे कधीच नसते. आणि दोन वर्षांनी पाहावे तो स्वतःचा खेळ जेथे होता तेथेच राहिलेला असतो.

आपला माल, आपले सूर

उत्तर कर्नाटकातील निर्मात्याजवळ एक गोष्ट अशी आहे, जी विकत आणता येत नाही. कन्नड, मराठी, हिंदी व उर्दू एकाच गल्लीत ऐकून वाढलेल्या मुलास चार भाषांचा खेळाडूवर्ग सहज कळतो. सोंगट्या, चौकाबारा यांसारखे पटावरील खेळ कृष्णेच्या दोन्ही अंगांना घरोघर खेळले जात. सावंतवाडीची गंजिफा, छायाबाहुल्या, यल्लम्मा व खंडोबाच्या जत्रा, गडकोट असे कितीतरी विषय हाताशी आहेत. असे परंपरागत खेळ कोणाच्याही मालकीचे नसतात. त्यांचे नियम वापरण्यास परवानगी लागत नाही. १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यानुसार संरक्षण कल्पनेला नसते, तिच्या आविष्काराला असते. म्हणजेच लुडोचा पट कोणीही काढावा. पण दुसऱ्याने काढलेली चित्रे, त्याची आज्ञावली आणि त्याचे संगीत उचलता येणार नाही. खेळाच्या नावाचे मात्र व्यापारचिन्ह म्हणून संरक्षण करता येते. व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला ऑनलाईन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे. खेळात बसगाडी दाखवावयाची असेल तर दाखवावी. परंतु हुबळीला मुख्यालय असलेल्या वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचे बोधचिन्ह तिच्यावर रंगवावयाचे असल्यास आधी लेखी अनुमती घ्यावी.

संगीताच्या बाबतीत तर अधिकच जपावे लागते. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगुबाई हनगल, बसवराज राजगुरू यांच्या गावात खेळाला संगीत हवे असे म्हटल्यावर मन साहजिकच जुन्या ध्वनिमुद्रिकांकडे धाव घेते. राग कोणाच्या मालकीचा नाही. परंतु ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्याऐवजी गावातीलच एखाद्या सारंगिये वा तबलजींना बोलावून नव्याने वादन मुद्रित करून घेणे सर्व दृष्टींनी श्रेयस्कर. त्यांनाही काम मिळते.

मात्र येथे एक बारकावा आहे आणि त्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. बाहेरच्या कलावंताकडून चित्र किंवा संगीत करून घेतले आणि पैसेही चुकते केले, म्हणून हक्क आपोआप आपल्याकडे येतोच असे नाही. हक्काचे हस्तांतर लेखी असावे लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि कोणत्या प्रदेशासाठी हे लिहिले नसेल तर ते केवळ भारतापुरते समजले जाते. ज्या खेळाची निम्मी-अधिक विक्री परदेशांत व्हावयाची, त्याच्या शीर्षकसंगीताचा हक्क भारताच्या सीमेवरच थांबावा, ही किती अवघड स्थिती होईल! मित्रामित्रांमध्ये कागद कशाला, अशी भिडस्त वृत्ती आपल्याकडे आहे. एका पानाचा, दोन साक्षीदारांचा आणि ‘संपूर्ण जगासाठी’ व ‘हक्काच्या पूर्ण मुदतीसाठी’ हे शब्द असलेला कागद मैत्रीला बाधक ठरत नाही, पुष्कळदा ती टिकवितो.

मुलांसाठी खेळ करणाऱ्यांनी २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेले त्याखालील नियमही पाहावेत. १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची पडताळणीयोग्य संमती त्यांत आवश्यक मानली आहे आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. जाहिरातींवर बेतलेल्या बालखेळाचे सारे गणित यामुळे बदलते.

शासनाचे साहाय्य

या क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरण आखणारे कर्नाटक हे देशातील पहिले राज्य. ॲनिमेशन, दृश्यपरिणाम, खेळ व कॉमिक्स यांविषयीचे पहिले धोरण २०१२ साली आले, दुसरे २०१७ साली आणि तिसरे २०२४ ते २०२९ या कालावधीसाठी. महाराष्ट्रानेही २०२५ मध्ये असे धोरण स्वीकारले आहे. कर्नाटकातील नवोद्योगांसाठी ‘एलिव्हेट’ ही योजना असून तीत निवड झालेल्या उपक्रमास ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. बंगळूरबाहेर उद्योग वाढावेत या हेतूने राज्याने आखलेल्या कार्यक्रमात हुबळी-धारवाड-बेळगाव हा एक समूह मानला आहे. हुबळीतच देशपांडे प्रतिष्ठानाचे नवोद्योग केंद्र आणि के. एल. ई. विद्यापीठातील नवोन्मेष व उद्योजकता केंद्र येथे जागा, यंत्रसामग्री व सल्ला यांची सोय आहे. अशा समित्यांपुढे जाताना कल्पनेचे वर्णन करणारे चाळीस पानी टिपण नेण्याऐवजी दहा मिनिटे खेळता येईल असा नमुना नेल्यास अधिक उपयोग होतो.

हिशेब आणि कर

परदेशी दुकानाकडून येणारे पैसे अधिकृत बँकेमार्फतच यावेत आणि प्रत्येक रकमेची पावती जपून ठेवावी. ही सेवांची निर्यात असल्याचे पुढे याच कागदांवरून सिद्ध करावे लागते. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या पुढे गेल्यास वस्तू व सेवा कराखाली नोंदणी करावी लागते. निर्यातीवर शून्य दर लागू असला, तरी त्यासाठी हमीपत्र भरून द्यावे लागते. उद्यम नोंदणी विनामूल्य आहे आणि ती आरंभीच करून घ्यावी.

अमेरिकेतील विक्रीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावयाची. त्या देशातील खेळाडूंना विकलेल्या प्रतींच्या उत्पन्नातून ३० टक्के कर उगमापाशीच कापला जातो. परंतु भारत व अमेरिका यांच्यातील करारामुळे, विहित नमुन्यात आपला कायम खाते क्रमांक देऊन रहिवास जाहीर केल्यास तो १५ टक्क्यांवर येतो. खाते उघडताना हा नमुना घाईघाईने भरणाऱ्यांचे पैसे विनाकारण अडकतात. तेथे कापल्या गेलेल्या कराची वजावट येथील विवरणपत्रात मागता येते, मात्र त्यासाठीचा तक्ता मुदतीत भरावा लागतो.

शेवटी कालावधीचा प्रश्न. स्टीमवरील एका महिन्याच्या विक्रीचा हिशेब पुढील महिन्याच्या अखेरीस चुकता होतो आणि देय रक्कम १०० डॉलरहून कमी असल्यास ती पुढे ओढली जाते. म्हणजे १ जूनला प्रसिद्ध झालेल्या खेळाचे पहिले पैसे जुलै संपता संपता बँकेत येतात. प्रकाशनाच्या दिवशी घरात किमान दोन महिन्यांचा खर्च शिल्लक असेल, अशा बेताने तारीख ठरवावी.